विभाग प्रतिनिधी झालात? मग आधी आवक खिडकी शोधा

मी विभाग प्रतिनिधी झाले ती एसटी चुकल्यामुळे. त्या दिवशी सकाळची पहिली गाडी आलीच नाही. दुसरीनं कॉलेजात पोचेपर्यंत साडेदहा वाजले, आणि तोवर विभागप्रमुखांनी वर्गात विचारून टाकलं होतं, "यंदा प्रतिनिधी कोण होतं?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मैत्रिणीनं दारातच सांगितलं, "तुयं नाव देल्लं आमी."

"काहून?"

"तू नव्हती ना!"

निवडीची ही पद्धत कुठल्याच कायद्यात नाही, पण आमच्याकडे तालुक्याच्या गावात पदव्युत्तर वर्गांना प्रतिनिधी मिळतो तो बहुतेक वेळा असाच. मी रसायनशास्त्राची. एमएस्सीला एक वर्ष आणि पुढे त्याच कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएचडी करताना दोन वर्षं हे काम केलं. पहिले चार महिने तर काम नेमकं काय आहे हेच कळलं नाही. गॅदरिंगला खुर्च्या मोजायच्या, शिक्षक दिनाला वर्गणी गोळा करायची, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा, एवढंच करत होते. यंदा ज्यांच्या गळ्यात ही माळ पडली आहे, त्यांचे तरी चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते.

आधी कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याचं कलम ९९ विद्यार्थी परिषदेचं. कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, मागास प्रवर्गांतून आळीपाळीनं एक प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, अशी रचना त्यात आहे, आणि हे सगळे मतदानानं निवडायचे. त्याआधीच्या, १९९४ च्या कायद्याच्या काळात ज्याला मार्क जास्त तो वर्गप्रतिनिधी, असा मामला होता. नव्या कायद्यानं मतपेटी परत आणली खरी, पण २०१९ मध्ये निवडणुकांचं वेळापत्रक निघालं आणि पुढे ढकललं गेलं, नंतर कोविड आला. म्हणून मग "तू नव्हती ना!"

निवडणूक झालीच, तर लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशी माहीत असाव्यात. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची ही समिती. उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त ५,००० रुपये, छापील पोस्टर नाही, हातानं लिहिलेलंच चालेल, हजेरी ७५ टक्के. वयाची अट पदव्युत्तरला २४-२५ आणि संशोधकाला २८. ही शेवटची अट आमच्या भागाला जाचते. बी.ए. झाल्यावर तीन वर्षं वावर सांभाळून, बहिणीचं लग्न उरकून मग एम.ए.ला आलेले लोक आमच्याकडे वर्गागणिक दोन-चार असतात. लोकांचं ऐकून घ्यायची समज सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच असते, आणि कागदावर तेच बाद.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र परिषदच असते. प्रत्येक विभाग आपला माणूस तिथं पाठवतो. ठरलेल्या दिवशी बैठक होते, विद्यार्थ्यांच्या फीमधून आलेल्या पैशाचं वाटप होतं, कॉन्फरन्सला जाण्याचा प्रवासखर्च, विद्यावेतन, आरोग्यविमा असे विषय निघतात. आपल्याकडे दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात प्रत्येक स्कूलचे, म्हणजे विद्याशाखेचे, कौन्सिलर मतदानानं निवडले जातात आणि निवडणूक विद्यार्थीच चालवतात. तालुक्याच्या कॉलेजात यातलं काही नाही. परिषदेत बी.ए. पहिल्या वर्षाचा मुलगा आणि पाच वर्षं पीएचडी करणारी बाई एकाच बाकावर. त्यातही "वर्गाचा प्रतिनिधी" म्हटलं की पीएचडीवाल्यांचा वर्ग कोणता, हा प्रश्न उरतोच. ते धड विद्यार्थ्यांत नाहीत, धड स्टाफमध्ये नाहीत. त्यांचं गाऱ्हाणं कोणाच्याच यादीत नसतं, म्हणून प्रतिनिधीनं ते आधी घ्यावं, असं माझं मत.

"फेलोशिप आली नाही" ही एक तक्रार नव्हे

आमच्या केंद्रात दोघांना जेआरएफ, म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) संशोधक फेलोशिप होती. १ जानेवारी २०२३ पासून तिचे महिन्याला ३७,००० रुपये. बाकी चौघांपैकी कुणाला महाज्योतीची, कुणाला बार्टीची, एकाला सारथीची; या तिन्ही राज्य सरकारच्या संस्था. सगळे सांगत एकच, "ताई, फेलोशिप नाई आली." मीही तेच वाक्य उचलून प्राचार्यांकडे जायची. ते म्हणत, "वरूनच आलं नाही." वरून म्हणजे कुठून, हे मी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

या प्रत्येक पैशाची वाट निराळी असते. महाज्योतीचं कार्यालय नागपुरात, बार्टी आणि सारथीचं पुण्यात. जेआरएफचे पैसे येतात यूजीसीकडून, कॅनरा बँकेच्या पोर्टलमार्फत. संशोधक त्या महिन्यात काम करत होता याची पुष्टी संस्थेनं दर महिन्याला पोर्टलवर करायची असते. त्यासाठी संस्थेत दोन माणसं नेमलेली असतात. एक नोंद भरतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा तपासून मंजूर करतो, तो चेकर. मेकरनं भरलं नाही तर चेकरपुढे काही येतच नाही, आणि चेकरनं बटण दाबलं नाही तर पैसे सुटत नाहीत.

आमच्या दोघांचे पाच महिन्यांचे पैसे अडले होते. एकाच्या घरी त्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेलेलं, खोलीचं भाडं थकलेलं. तो गाइडवर चिडलेला, गाइड ऑफिसवर. मी एका दुपारी ऑफिसात नुसती बसून राहिले आणि एकेकाला विचारत गेले: जूनची पुष्टी कुणी केली? शेवटी निघालं ते असं की मेकर असलेले बाबू जूनमध्ये परीक्षा विभागात बदलून गेले होते आणि लॉगिन त्यांच्याच नावावर होतं. त्यांच्या जागी आलेल्यांना हे काम आपल्याकडे आहे याचा पत्ताच नव्हता. चेकर मॅडम आपल्यापुढे काही येत नाही म्हणून निवांत. कुणाचाच वाईट हेतू नाही, आणि एका पोराचे एक लाख पंचाऐंशी हजार अडकलेले.

आधी आम्ही दोनदा अर्ज दिला होता. त्याची विषयाची ओळ अशी होती:

"विषय : फेलोशिप मिळत नसल्याबाबत."

तिसऱ्यांदा लिहिली ती अशी:

"विषय : जून ते ऑक्टोबर या महिन्यांच्या फेलोशिप पुष्टीसाठी नवीन मेकर नेमणेबाबत."

पहिली ओळ वाचून बाबूनं करायचं काय? हळहळायचं. दुसरीत त्याचं कामच लिहिलेलं आहे, त्याला फक्त टिपणी वर पाठवायची. खाली चार रकान्यांचा तक्ता होता: नाव, नोंदणी क्रमांक, कोणते महिने राहिले, हजेरीवर गाइडची सही झाली की नाही. एवढाच अर्ज, एका पानाचा. अकराव्या दिवशी नेमणूक झाली, आणि पुढच्या महिन्यात पाचही महिन्यांचे पैसे एकदम जमा झाले.

पोच

माझे बाबा गावचे कोतवाल होते. तलाठ्याचे कागद तहसिलीत नेणं आणि तहसिलीचा निरोप गावात दवंडीनं देणं, यात त्यांचा जन्म गेला. मी प्रतिनिधी झाल्याचं सांगितल्यावर त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. विचारलं, "पोच घेतं का?" मी म्हटलं, कसली पोच? तर म्हणाले, "कागद देल्ला अन् पोच नाई घेतली, तं कागद देल्लाच नाई."

अर्ज सरांच्या हातात देऊ नका. सर चांगले असतात, पण त्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. प्रत्येक ऑफिसात आवक-जावक असते, कुठं खिडकी, कुठं नुसतं एक टेबल आणि लाल कापडाची बांधणी असलेलं रजिस्टर. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक तिथं द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. हा क्रमांक असला की पुढच्या खेपेला "कोणता अर्ज?" असं कुणी विचारत नाही, रजिस्टर उघडतात. बाबू जेवायला गेले असतील तर थांबायचं. "ठेवून जा" म्हटलं तरी थांबायचं. यात उद्धटपणा नाही, रोजचाच व्यवहार आहे, आणि गोड बोलून केला तर कुणाला राग येत नाही.

सगळे मार्ग खुंटले तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांत उत्तर. मी तीन वर्षांत एकदाच वापरला. उत्तर आलं, पण त्या टेबलावरचा चहा कायमचा बंद झाला. विद्यापीठ आमच्यापासून तीन तासांवर आणि कॉलेजचं ऑफिस जिन्याखाली, तेव्हा कोणत्या टेबलाशी वैर घ्यायचं हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

आठची प्रॅक्टिकल

सगळ्या मागण्या वरच्यांकडेच असतात असं नाही. खरी अडचण अनेकदा आपल्याच वर्गात असते. एमएस्सीची प्रॅक्टिकल सकाळी आठला ठेवली होती. महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ मध्ये आली, पण गावाकडून पहिली गाडी पोचायची आठ पन्नासलाच. अर्ध्या तिकिटात उशीर अर्धा होत नाही. मी "प्रॅक्टिकल दहाला करा" असा अर्ज लिहायला घेतला आणि सह्यांसाठी वर्गात फिरवला, तर होस्टेलवाल्या पोरांनी सही द्यायला नकार दिला. त्यांना आठच हवे होते. बारापर्यंत मोकळं झालं की ते अभ्यासिकेत जाऊन बसत, तलाठी भरतीचा अभ्यास करत. माझ्या डोक्यात तोवर "विद्यार्थी" म्हणजे एसटीनं येणारे, एवढंच होतं. मीही त्यातलीच ना.

मतदान घेतलं असतं तर एसटीवाले जिंकले असते, तेवीसात चौदा होतो. पण मग होस्टेलच्या नऊ जणांचा प्रतिनिधी कोण? गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. तिथं ग्रामसभेत बहुमतानं निर्णय घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात, आणि सभेआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. आम्ही काही मेंढ्याचे नव्हे, एकमत होईपर्यंत थांबलो असतो तर परीक्षा आली असती. पण त्यातलं निम्मं उचललं. कोण कुठून येतं, गाडी किती वाजता पोचते, परत शेवटची गाडी कितीची, याचा तक्ता करून भिंतीवर लावला, आणि दोन दिवस कुणालाच काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी होस्टेलचाच एक मुलगा म्हणाला, दोन बॅचेस करू. आठची आमची, साडेदहाची तुमची. लॅब असिस्टंट काका तेवढे कुरकुरले, कारण त्यांची दुपार लांबली. त्यांना या दोन दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

वर्गात कोण बोलत नाही इकडेही लक्ष लागतं. आमच्याकडे मागच्या बाकावर एक मुलगी होती, घरी कोलामी बोलणारी. सभेत तिनं तोंड उघडलं नाही, पण पाण्याच्या टाकीजवळ तिनंच मला सांगितलं की लॅबमधली मुलींची बाथरूम सहा महिने कुलपात आहे. आम्ही सगळ्या शेजारच्या इमारतीत जात होतो आणि ते चालतंच असं धरून बसलो होतो.

जे वर्गात न्यायचं नाही

काही गोष्टी सगळ्यांच्या वतीनं मागायच्या असतात, आणि काही एकाच माणसाच्या असतात. दुसऱ्या प्रकारात प्रतिनिधीनं पुढारी होऊ नये, फक्त योग्य दार दाखवावं आणि हवं असेल तर दारापर्यंत सोबत जावं.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत तक्रार समितीकडेच. साधारण मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधीही असायला हवेत: एक पदवीचा, एक पदव्युत्तरचा, एक संशोधक. आपल्या कॉलेजात ते कोण आहेत हे आधीच माहीत करून ठेवा, गरज पडल्यावर नव्हे. आणि हा विषय व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही नाही, नाव न घेताही नाही. तालुक्याच्या गावात नाव न घेतलेलं माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं.

बाकी गाऱ्हाण्यांसाठी, म्हणजे प्रवेश, फी परत न मिळणं, निकाल, कागदपत्रं अडवून ठेवणं यासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांत तिला अहवाल द्यायला कामाचे १५ दिवस आहेत. निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठानं नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. समितीत एका विद्यार्थ्यालाही निमंत्रित म्हणून घ्यायचं असतं.

गाइडशी न पटणं हे सगळ्यात अवघड. तिथं मी काही सोडवू शकले नाही, हे कबूल करते. पण नियम वाचून दाखवले आणि त्यानं दोघींचं काम झालं. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत जास्तीत जास्त मुदत सहा वर्षं, महिलांना आणखी दोन वर्षांपर्यंत मुभा, शिवाय पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीला आपलं संशोधन तिकडच्या संस्थेत नेता येतं, याचीही तरतूद आहे. आमच्यातली एक मुलगी लग्नानंतर वाशीमकडे गेली, आणि नोंदणी रद्दच करावी लागते असं घरचे आणि ऑफिस दोघंही तिला सांगत होते. ते पान मी तिला फोटो काढून पाठवलं. तेवढंच केलं.

इतिवृत्त आणि दवंडी

बैठकीत बोलणं सोपं असतं. टाळ्याही मिळतात. खरी गंमत आठ दिवसांनी येणाऱ्या इतिवृत्तात असते. त्यात तुमचा विषय तीनपैकी एका रूपात दिसतो. "विषयावर चर्चा झाली" असं असेल तर विषय मेला. "विषय विचारात घेण्यात आला" असेल तर त्याला पुरलंही. "असे ठरले की" असेल आणि पुढे माणसाचं पद व तारीख असेल, तरच काही होणार. म्हणून बैठक उठायच्या आत विचारायचं, "सर, मग हे कुणाकडे आणि केव्हापर्यंत, असं लिहू?" पहिल्या वेळी माझा आवाज थरथरला होता. बाथरूमच्या कुलपाची किल्ली याच एका प्रश्नानं निघाली: ती इमारत विभागाच्या शिपायाकडे होती आणि नळ दुरुस्त व्हायचा म्हणून दार बंद ठेवलेलं. नळ दुरुस्त होऊन चार महिने झाले होते.

मग परत येऊन सांगणं. बाबा दवंडी द्यायचे तेव्हा वाईट बातमीही तेवढ्याच आवाजात द्यायचे. "उद्या लाइन राहणार नाई होऽऽ" हेही, आणि "रेशन आलं होऽऽ" हेही. आपण प्रतिनिधी मात्र काम झालं की लांबलचक पोस्ट टाकतो, आणि नाही झालं की ग्रुपवर गप्प बसतो. मी ठरवून बैठकीच्या दिवशीच संध्याकाळी तीन ओळी टाकायला लागले: काय मागितलं, कोण काय म्हणालं, पुढची तारीख कोणती. "लायब्ररी सहापर्यंतच राहणार. ग्रंथपाल म्हणाले माणूस नाही. पुन्हा विचारणार १५ जानेवारीला." यावर कुणी अंगठा दिला नाही, पण १५ जानेवारीला चौघांनी आठवण करून दिली.

जाताना मी एक निळी फाइल पुढच्या मुलाला दिली. त्यात पोचेचे कागद तारखेनं लावलेले आणि शेवटच्या पानावर कोणतं काम कोणत्या टेबलाला याची यादी. त्यानं ती घेतली आणि बॅगेत टाकली, उघडूनही पाहिली नाही. मला वाईट वाटलं. दीड महिन्यानं त्याचा फोन आला.

"ताई, बोनाफाइडचा अर्ज द्याचा हाय, आवक कुठी घेतात?"

"जिन्याखाली, डाव्या हाताला. दीड ते अडीच जेवणाची सुट्टी असते. किती प्रती आहेत तुझ्याकडे?"

"एक."

"मंग आधी झेरॉक्सवर जा."